सुतळीचं वजन

सुतळीच्या पोटातून निघालेला रबराचा तुकडा डॉक्टरीणबाईंनी चिमट्यात धरून दाखवला. त्यावर उलटी अक्षरं होती: 'तपासले, बरोबर आढळले'. वजनमापे निरीक्षकांनी आपल्याच कचेरीचा शिक्का ओळखला आणि मान खाली घातली.

सुतळी म्हणजे त्यांची फेरेट. मुंगसासारखी लांबट, आणि दिसेल ते पळवणारी. बायको बदलीच्या गावी, घरात फक्त ते आणि सासूबाई. त्यामुळे मनातलं काही बोलायचं तर ते सुतळीशीच. तिच्यावर त्यांचा भारी जीव होता.

"वजन बरोबर एक किलो आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दर चार तासांनी दोन चमचे चिकनचं खिमट द्या. नऊशेच्या खाली गेली तर पोट परत उघडावं लागेल. आणि खरं सांगते, दुसऱ्यांदा भूल सोसायची नाही तिला."

घरी पोचताच निरीक्षकांनी तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. नऊशे वीस.

"अर्ध्या तासात ऐंशी ग्रॅम?" सासूबाई म्हणाल्या. "वाटेत सांडली की काय?"

"धास्तीनं झडली असेल, आई. आता मी आहे ना."

जन्मभर दुकानदारांचे काटे तपासलेला हा गृहस्थ. काट्यावरचा आकडा म्हणजे त्यांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. त्यांनी रजा टाकली, भिंतीवर तक्ता चिकटवला, बाह्या सरसावल्या आणि दोन चमच्यांचे चार केले.

दुसऱ्या दिवशी सुतळीचं पोट बिघडलं. काटा म्हणाला, नऊशे. निरीक्षकांनी चाराचे सहा केले, तेही दर दोन तासांनी. पोट आणखी बिघडलं. जुने टॉवेल संपले, मग नवे संपले.

"जावईबापू, घेतेय त्याच्या दुप्पट ती बाहेर टाकतेय. जरा हात आवरा."

"वजन उतरतंय आणि खाणं कमी करू? आकडा बघा की."

"मी तिच्याकडे बघतेय," सासूबाई म्हणाल्या आणि पाय आपटत टॉवेल धुवायला गेल्या.

तिसऱ्या दिवशी काट्यानं आठशे सत्तर दाखवले. निरीक्षकांनी सुतळीला छातीशी धरलं आणि सासूबाईंसह दवाखाना गाठला. "उघडा पोट. पण हिला वाचवा," ते डोळ्यांत पाणी आणून म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी सुतळीला काट्यावर ठेवलं. "नऊशे पन्नास. थोडी उतरलीय, पण पोट कशाला उघडायचं?"

निरीक्षकांनी डोळे पुसले. त्यांच्यातला सरकारी माणूस जागा झाला. "बाई, तुमचा काटा चुकीचा आहे."

"काय म्हणता?"

"मुक्या जिवाचा प्रश्न आहे. वेळ पडली तर जप्त करीन." त्यांनी खांद्यावरच्या कचेरीच्या पिशवीतून पितळी प्रमाण वजनांची पेटी काढली. पाचशेचं ठेवलं, पाचशे दाखवले. किलोचं ठेवलं, किलो दाखवला. दहा मिनिटं झटूनही काटा एका ग्रॅमनंही चुकला नाही.

"मग राहिला घरचा," सासूबाई म्हणाल्या.

"घरचा काय तपासायचा? तो घरचा आहे."

घरी परतल्यावर सासूबाईंनी स्वतःच्या हातानं किलोचं वजन काट्यावर ठेवलं. नऊशे वीस.

"वर्षभर याच काट्यावर पीठ मोजतेय मी," सासूबाई म्हणाल्या. "केक विटेसारखा होतो तर म्हणता, आई, तुमचा हात जड आहे."

"चुकलो, आई." मग ते सुतळीकडे वळले. "चांगली होतीस गं. मीच तुला कोंब कोंब कोंबलं."

पुन्हा दोन चमचे सुरू झाले. चार दिवसांत पोट ताळ्यावर आलं आणि दवाखान्याच्या काट्यावर नऊशे नव्वद भरले. त्या दुपारी निरीक्षक स्वतःविरुद्ध नोटीस लिहायला बसले: सदोष काटा जप्त. दोषी म्हणून सही केली, निरीक्षक म्हणून केली, आणि पंच म्हणून सासूबाईंनी अगदी सावकाश, वळणदार सही ठोकली. राहिला फक्त शिक्का. तो टेबलावर नव्हता.

जुन्याच्या जागी आलेला नवाकोरा शिक्का तोंडात धरून सुतळी सोफ्याकडे निघाली होती. निरीक्षकांनी जमिनीवर लोटांगण घातलं आणि तिच्या दातांतून तो सोडवला.

"आधी बघा, सगळी अक्षरं आहेत का," सासूबाई धास्तावून म्हणाल्या.

निरीक्षकांनी शिक्का शाईत बुडवला आणि हाताशी होता त्या कागदावर दाबला. एकेका अक्षरावर बोट ठेवून मोजलं. एकही गिळलं नव्हतं.

सासूबाईंनी चष्मा लावून नोटीस वाचली. "'सदोष काटा जप्त. तपासले, बरोबर आढळले.' म्हणजे केक पुन्हा माझ्याच हातानं बिघडतो का?"

निरीक्षकांनी नोटीस फाडली, सुतळीला मांडीवर घेतलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहायला बसले.