घंटेचा धनी

निमंत्रणपत्रिका हातात पडली आणि मोहनरावांच्या तळहाताला घाम फुटला. पत्रिकेवर संस्थापकांचा फोटो नव्हता, शाळेची इमारत नव्हती, सरस्वतीसुद्धा नव्हती. होती ती घंटा. ताटाएवढी, पितळी, कडेला पोचा आलेली.

"घंटाच कावून छापली?" त्यांनी मुख्याध्यापक अंगद सरांना विचारलं.

"अमृत महोत्सव हाय ना, सायेब. आपल्या शाळेची वळख म्हंजे घंटा." अंगद सर हसले. "आन् जुनं शिस्तबुक पण सापडलंय. पन्नास सालापासून कोण्या पोरानं काय केलं, किती छड्या खाल्ल्या, समदं लिवलेलं. कार्यक्रमात निवडक नोंदी वाचून दाखवायच्यात. तुमची खुर्ची मधोमध ठिवलीय."

मोहनरावांना ते हसू आवडलं नाही आणि मधोमधची खुर्ची तर मुळीच आवडली नाही. दूध घेताना म्हशीचीसुद्धा चौकशी करणारा हा माणूस. गटशिक्षणाधिकारी म्हणून परजिल्ह्यात तीस वर्षं काढली, पण कुणावर विश्वास टाकल्याचा एकही ठपका त्यांच्यावर नव्हता. निवृत्त होऊन तेलगावला परतले तसे संस्थेचे सचिव झाले. आता महोत्सवात त्यांना 'आदर्श माजी विद्यार्थी' म्हणून गौरवणार होते. आणि चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, नववीत असताना, शाळेची घंटा लपवली होती ती याच आदर्श विद्यार्थ्यानं.

ही शाळा फक्त मुलांची. सरकारचा पैसा न घेता, गावोगावची ज्वारी गोळा करून उभी राहिलेली. ऊसतोडीला निघताना आईबाप पोराला वसतिगृहात सोडत आणि त्याच्या वाटची ज्वारी कोठीत ओतून जात. संस्थापक मोठे कडक. त्यांनी एकच नियम घालून दिला होता, घंटेशिवाय काही सुरू होणार नाही आणि घंटेशिवाय काही संपणार नाही. गणिताच्या वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मोहननं ती घंटा ज्वारीच्या कोठीत पुरली. भूमिती कच्ची होती, दुसरं कारण काही नव्हतं.

पुढं जे झालं ते त्यालाही झेपलं नाही. घंटा नाही म्हणून परीक्षा सुरू होईना. परीक्षा नाही तर निदान उजळणी घ्यावी म्हणून बंकट गुरुजी नियम एकदाच वाकवून इतिहासाच्या तासाला वर्गात शिरले, ते घंटा होईना म्हणून बाहेर येईनात. सातवाहनांपासून निघालेले गुरुजी दिवस मावळताना निजामापर्यंत पोचले. दुसऱ्या दिवशी तोच तास पुढं सुरू. पोरं वर्गातच शेंगा फोडून खाऊ लागली. तिसऱ्या दिवशी मोहनला कांजण्या आल्या आणि त्याला घरी नेलं. आठव्या दिवशी कोठीतली ज्वारी खाली गेली आणि घंटा उघडी पडली म्हणे. पुढं काय झालं हे त्यानं कधी विचारलं नाही. घंटेचा विषय निघाला की तो उठून जायचा. मोहनचे मोहनराव झाले, तरी ते उठूनच जात.

आता उठून जायची सोय नव्हती. खुर्ची मधोमध होती.

"तुमी कायतरी केलंय," दोन दिवस नवऱ्याच्या ताटातली भाकरी तशीच राहिलेली पाहून वत्सलाबाई म्हणाल्या. मोहनरावांनी मग बायकोवरही संशय घेतला. हिला कुणी सांगितलं?

तिसऱ्या दिवशी ते शाळेत जाऊन थडकले. शिस्तबुक द्या, असं सरळ म्हटलं तर कारकून आश्रुबाला वास लागणार. म्हणून त्यांनी सचिव या नात्यानं सगळं दप्तर तपासायला मागितलं. हजेरीपटापासून सुरुवात करायची आणि सहज, ओघात, शिस्तबुकापर्यंत यायचं, असा बेत.

पंच्याहत्तर वर्षांचं दप्तर बाहेर निघालं तशी शाळेत घबराट पसरली. सचिव अचानक तपासणी करतात म्हणजे कुणीतरी तक्रार केली असणार. विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेला आतून कडी लावली. दोघा शिक्षकांनी अख्ख्या वर्षाचं पाठ टाचण एका बैठकीत लिहून काढलं. अंगद सर दर दहा मिनिटांनी चहा घेऊन येत आणि सायबांचं बोट कोणत्या ओळीवर आहे ते बघून जात. शाळेतल्यांनी एकमेकांवर एवढा संशय पूर्वी कधी घेतला नसेल.

आश्रुबा मात्र जागचा हलला नाही. सायेब हजेरीपट नुसते उलटतात आणि डोळा शिस्तबुकाच्या गठ्ठ्याकडं असतो, हे त्यानं पहिल्या तासातच हेरलं होतं. पान फाटायला नको, म्हणून तो शेजारीच बसून राहिला.

चार वाजता मोहनरावांनी ते पान उघडलं. अक्षर बंकट गुरुजींचं.

'घंटा लपविणे. विद्यार्थी धुळाजी, इयत्ता नववी. गुन्हा स्वतः कबूल. बारा छड्या.'

मोहनरावांनी नोंद तीनदा वाचली. त्यांना इतकं हलकं वाटलं की आश्रुबालाही त्यांनी चहा पाजला. तो चहा संपेपर्यंत हे हलकेपण टिकलं. मग काहीतरी टोचायला लागलं. शाळेच्या इतिहासातली सगळ्यात मोठी खोडी, सगळी शाळा आठ दिवस ठप्प, आणि नाव धुळाजीचं?

त्यांच्याच वर्गातला धुळाजी त्याच वर्षी शाळा सोडून मेंढरांमागं गेला होता. मोहनरावांनी त्याला युसूफ वडगावच्या रस्त्याला, कापूस वेचून झालेल्या रानात गाठलं.

"घंटा तू लपवली होतीस?"

"न्हाई बा," धुळाजी शांतपणे म्हणाला.

"मग कबूल कावून केलंस?"

"गुरुजींनी समद्यायला हुभं करून तीनदा इचारलं, कुनी केलं म्हून. कुनीच बोलंना. एवढं झ्याक काम, आन् त्याला धनीच न्हाई. बिनधन्याचं मेंढरू दिसल्यावर मानूस घरी आनतोच की. म्हनलं, म्या केलं."

मोहनरावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि चव्वेचाळीस वर्षांनी प्रथमच ते वाक्य उच्चारलं, "ते मी केलं होतं."

धुळाजीनं त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलं. मेंढराची कानावरची खूण तपासावी तसं.

"समदेच म्हंतेत, सायेब. मागं एक डाक्टर आलते, ते बी हेच म्हनले. त्याच्या आदुगर एक फौजदार. तुमी पाचवे."

मोहनराव घरी आले ते धुमसत. आतापर्यंत नाव निघेल म्हणून जीव कासावीस होत होता, आता ते निघणार नाही म्हणून होऊ लागला.

महोत्सवाच्या दिवशी मैदान भरलं होतं. मधोमधच्या खुर्चीत मोहनराव, त्यांच्या पलीकडं नव्वदीला टेकलेले बंकट गुरुजी. 'आदर्श माजी विद्यार्थी' म्हणून मोहनरावांचा सत्कार झाला, टाळ्या बेताच्या पडल्या. मग अंगद सरांनी शिस्तबुकातली घंटेची नोंद वाचली आणि मैदान उठून उभं राहिलं. धुळाजीला मंचावर आणलं, फेटा बांधला. म्हाताऱ्या माणसांनी शिट्ट्या मारल्या.

मोहनरावांना ते बघवेना. त्यांनी माईक हातात घेतला आणि सगळं सांगितलं. भूमिती, कोठी, ज्वारी, कांजण्या, काही ठेवलं नाही. इतकं खरं ते आयुष्यात बोलले नव्हते.

मागून आश्रुबाचा आवाज आला, "परवा दिसभर ती वही वाचत बसले हुते. मला तवाच डाऊट आलता."

कुजबुज वाढली. एवढा मोठा सायेब, आणि गरिबाच्या वाटचं असं काढून घेतो, असं पहिल्या रांगेतल्या बाया स्पष्ट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच मोहनरावांना कुणी चोर म्हणत होतं, आणि तेही न केलेल्या चोरीबद्दल.

धुळाजीला त्यांची दया आली. त्यानं माईक हळूच ओढून घेतला.

"सायेब म्हंतेत तर त्यांनी केलं आसंल. माझं कायी म्हननं न्हाई." मग उजवा तळहात वर करून म्हणाला, "फकस्त छड्या बारा हुत्या. त्या म्या खाल्ल्या. सायबांनी किती खाल्ल्या तेवढं सांगावं."

मोहनराव सगळ्या मैदानासमोर बंकट गुरुजींपुढं गेले आणि शाळकरी पोरासारखा उजवा हात पुढं केला. डोळे भरून आले होते.

"गुरुजी, माझ्या बारा राहिल्यात. द्या."

गुरुजींनी मान वर करून बराच वेळ पाहिलं. शेजारी उभ्या धुळाजीकडं पाहून ते हसले, ती ओळख पक्की होती. मोहनरावांवर मात्र नजर ठरेना. आदर्श माणूस कधी कुणाच्या लक्षात राहतो?

"कोण म्हणायचं आपण?" गुरुजींनी विचारलं. आणि उत्तराची वाट न पाहता मांडीवरच्या पुड्यातला एक पेढा त्यांनी त्या पुढं केलेल्या तळहातावर ठेवला.