अर्ध्या कोयत्याला वर्गणी न्हाई!

चौसाळ्याच्या सोमेश्वरआप्पांची ऊसतोड टोळीची मुकादमकी सुटली, पण माणसं पारखायची खोड काही सुटली नाही. आता ऊस नाही, टोळी नाही, म्हणून गडी मोबाइलवर गेम खेळायला लागला. त्यात नवं कळलं: गेम बनवणारी एकटी-दुकटी पोरं लोकांच्या मासिक वर्गणीवर जगतात. (आप्पांचे डोळे लकाकले. माणूस आगाऊ पैसे, म्हंजी उचल, देऊन बांधायचा? हे तर आपलंच खातं!)

बायकोनं, रतनबाईंनी, ताकीद दिली, "एकालाच द्या. दुसऱ्याचं नाव काढलं तर मोबाइल चुलीत घालीन."

निवड दोघांत होती. अभिमन्यूचा किल्ल्यातल्या भुताचा गेम, आणि लिंबागणेशच्या रोहिणीचा ऊसतोडीचा. आप्पांचा जीव रोहिणीच्या गेमवर. बैलांची शिंगंसुद्धा तिनं बरोबर रंगवलेली. पण पोरगी म्हणत होती, या महिन्यात वर्गणीदार वाढले नाहीत तर गेम बंद. रविवारी ती सगळ्यांसमोर लाइव्ह आली. आप्पाही व्हिडिओवर जोडले गेले नि त्यांनी घसा खाकरला.

"पोरी, लग्न झालंय का?"

रोहिणी चमकली. "काका, गेमबद्दल विचारा ना!"

"गेमबद्दलच इचारायलोय. नवरा-बायको मिळून एक कोयता. तू एकटी, म्हंजी अर्धा कोयता. अर्ध्याला आमी उचल देत न्हाई."

"उचल नाही हो काका, वर्गणी!"

"तेच ते! तो भुताचा गेमवाला अभिमन्यू बी अर्धाच हाय. दोघं जोडी लावा. एकाच वर्गणीत पुरा कोयता! हुंडा न्हाई, मानपान न्हाई. मी सोता मधी पडतो."

बघणाऱ्यांत अभिमन्यूही होता. त्यानं खाली लिहिलं, "काका, माझा साखरपुडा झालाय. ती पण लाइव्ह बघतेय!"

मागून पिठाचे हात घेऊन रतनबाई धावल्या. "आवं, कुणाच्या लेकीला काय बोलायलेत?" फोन हिसकावला. सगळ्या स्क्रीनवर पीठच पीठ. "बाई गं, मनावर घेऊ नको. लग्न झाल्यापासून मी एकटीच पुरा कोयता हाय. ऊस मी तोडला, मोळ्या मी बांधल्या. हे नुस्ते बांधावर बसून, 'चला, उरका!'"

लोक हसून लोळले. वर्गणीदार असे धडाधड वाढले की रोहिणीच्या डोळ्यांत पाणी.

"काकू, तुम्हाला गेममध्ये घेऊ?"

"घे की!"

"आणि काकांना?"

"त्यांलाबी घे. बांधावर बसव. फक्त बटण देऊ नको, कितीबी दाबलं तरी उठत न्हाईत."

रोहिणीच्या गेमची नवी आवृत्ती आली. बांधावर हुबेहूब आप्पा, मिशांसकट! हरखून त्यांनी सगळी बटणं दाबली. गडी हलेना. मुकादमी आवाजात त्यांनी रोहिणीला फोन लावला, "पोरी, गेममधी बिघाड हाय. मी उठंना झालोय!"

"बिघाड नाही, काका," रोहिणी म्हणाली. "काकूंनी स्वतः तपासून पास केलंय."