गाडी हलवण्याआधी सांगायचा अनुभव

एका जंगलात एकच डांबरी रस्ता होता. तो वाघमहाराजांच्या गुहेपासून निघायचा आणि मोठ्या वडाखाली संपायचा. रस्ता इतका गुळगुळीत होता की गोगलगायसुद्धा त्यावरून घसरायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मात्र जंगल होतं. म्हणजे चिखल, दगडगोटे, काटे, ओढे, चढ आणि उतार. जंगलात असतं ते सगळं.

तर बाळांनो, या जंगलातल्या बड्या प्राण्यांना एकदा कळलं, की डिझेलवर चालणाऱ्या फार दांडग्या गाड्या निघाल्या आहेत. साध्या गाडीची दोनच चाकं जोर लावतात. उरलेली दोन वरातीतल्या पाहुण्यांसारखी नुसती बरोबर येतात. या नव्या गाड्यांची चारही चाकं जोर लावायची. त्या चिखलातून जायच्या, दगडांवर चढायच्या, ओढे ओलांडायच्या.

मग काय, सगळ्यांनी त्या गाड्या घेतल्या आणि डांबरी रस्त्यावर चालवायला सुरुवात केली. चिखलात नेली तर गाडी खराब नाही का होणार?

गाडीवाल्यांनी एक मंडळही काढलं. त्याचं नाव चौचाकी जोरदार मंडळ. दर बाजाराच्या दिवशी मंडळाची सभा वडाखाली भरायची. सगळे आपापल्या गाड्या सावलीत लावायचे, फडक्यानं पुसायचे आणि मग आळीपाळीनं गाडी चालवण्याचा अनुभव सांगायचे.

अध्यक्ष होते गवेआप्पा. ते गवा होते, आणि त्यांचा आवाजच डिझेलचा होता. ते म्हणायचे, “डोंगर दिसला की माझी गाडीच मला विचारते, आप्पा, चढू का? मी म्हणतो, नको, आज सोमवार आहे.”

मग ससाणे सांगायचे. ते ससा होते. त्यांना स्टिअरिंगवरून समोरचं दिसायचं नाही, म्हणून ते स्टिअरिंगच्या खालून बघायचे. त्यांचं म्हणणं, अ‍ॅक्सिलरेटरला नुसता पाय लावला तरी कान मागच्या सीटवर जाऊन पडतात.

मंडळाचे चिटणीस कोल्हेसाहेब शेवटी बोलायचे. त्यांच्या गाडीला चिखलाचं, वाळूचं आणि बर्फाचं अशी वेगवेगळी बटणं होती. ते कायम बर्फाचं बटण दाबून ठेवायचे. त्या जंगलात बर्फ कधीच पडलं नव्हतं. पण कोल्हेसाहेब म्हणायचे, त्यानं एसी चांगला लागतो.

आणि सगळ्यांच्या सीटवर दुकानातलं प्लॅस्टिक तसंच होतं. ते काढायचं नाही, हा तर मंडळाचा पहिला नियम होता.

आता या जंगलात रस्त्याच्या वळणापाशी भालेराव नावाचे एक साळिंदर राहायचे. रस्ता आणि त्यांचं बीळ यांच्यामध्ये चिखलाचा एक छोटा पट्टा होता. भालेराव अबोल होते. चार प्राणी एकत्र दिसले की त्यांचे काटे आपोआप उभे राहायचे आणि जीभ आडवी पडायची. घरी मात्र ते छान बोलायचे, पण तेही बायको तानूबाई झोपल्यावर.

भालेरावांच्या घरी नुकतीच मुलगी झाली होती. बाराव्या दिवशी बारसं करायचं ठरलं. तानूबाईची एकच इच्छा होती. तिच्या आईनं, म्हणजे आवडाबाईंनी, पाळण्याची दोरी ओढावी. पण आवडाबाई राहायच्या ओढ्यापलीकडे. त्यांचा गुडघा धरला होता, आणि मध्ये होता चिखल, मग ओढा, मग चढ आणि उतार.  तानूबाई नुसती पाळण्याकडे बघून उसासा टाकत राहिली. तो उसासा भालेरावांना फार लागला. म्हणून त्यांनीही एक दांडगी डिझेलची गाडी घेतली.

दुकानदारानं चिखलावर फळ्या टाकून गाडी बिळापाशी आणून सोडली आणि फळ्या परत नेल्या. भालेरावांनी नारळ फोडला, हार घातला आणि आत बसले. बसल्याबरोबर त्यांच्या पाठीच्या काट्यांनी सीटवरचं प्लॅस्टिक टराटरा फाटलं. ते सीट सोडून पुढे सरकले आणि स्टिअरिंगला छाती लावून बसले. पुढे ते कायम तसेच बसत. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, हा फार लक्ष देऊन गाडी चालवतो आहे.

इतक्यात कोल्हेसाहेब पेढे खायला आले. पेढा तोंडात टाकून त्यांनी विचारलं, सभेला अनुभव कधी सांगताय.

भालेराव हळूच म्हणाले, “आधी चालवून तर बघतो.”

“असं कसं? मंडळाचा नियम आहे भालेराव. अनुभव सांगितल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही.”

“पण चालवल्याशिवाय अनुभव कुठून सांगू?”

कोल्हेसाहेबांनी त्यांच्याकडे फार मायेनं पाहिलं. “चालवल्यावर अनुभव कुणीही सांगेल हो,” ते म्हणाले. “त्यात आपलं काय कौतुक?” आणि दुसरा पेढा घेऊन ते निघून गेले.

बाजाराच्या दिवशी भालेराव पायी सभेला गेले. सगळे बोलून झाले. गवेआप्पांनी त्यांचं नाव पुकारलं. भालेराव उठले. काटे उभे राहिले. शेजारी बसलेले ससाणे घाईघाईनं सरकून बसले. भालेरावांनी घरी पाठ केलेलं एक वाक्य होतं, की गाडी नव्हे, हा तर मस्तवाल हत्ती. पण समोर पहिल्याच रांगेत खरा हत्ती बसला होता. त्याला काय वाटेल, असं मनात आलं आणि वाक्य गेलं ते गेलंच.

“गाडी,” भालेराव म्हणाले, “निळी आहे.”

सभेनं वाट पाहिली. पण एवढंच होतं. गवेआप्पांनी त्यांना पुढच्या बाजाराला पुन्हा यायला सांगितलं.

पुढचा बाजार बारशानंतर होता.

घरी येऊन भालेराव पाळण्याशेजारी बसून राहिले. बारशाचा दिवस उजाडला. तानूबाईनं घुगऱ्या शिजायला ठेवल्या, पाळण्याला फुलं बांधली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“अहो, मंडळ काय म्हणालं? गाडी रस्त्यावर आणायची नाही, असंच ना?”

“हो.”

“मग आणू नका. माझ्या आईच्या वाटेवर रस्ता आहेच कुठं?”

भालेरावांनी बराच विचार केला. या बोलण्यात त्यांना कुठंच चूक सापडेना. ते उठले, गाडीत बसले, स्टिअरिंगला छाती लावली आणि चावी फिरवली.

बाळांनो, मग जे झालं ते त्या जंगलात आधी कधीच झालं नव्हतं. चिखलातून जाणारी गाडी चिखलातून गेली. चाकं थोडी रुतली, गुरगुरली, चारही चाकांनी मिळून जोर लावला आणि गाडी बाहेर आली. ओढ्यात दाराच्या खालपर्यंत पाणी लागलं. खेकडे काठावर बसून बघत राहिले. चढावर गाडीचं नाक आभाळाकडे गेलं. भालेरावांनी पाय हलका ठेवला, घाई केली नाही, आणि गाडी वर पोचली. त्यांना फार बरं वाटलं. ते गाडीत एकटेच होते, म्हणून त्यांनी थोडं गाणंही म्हटलं.

परत येताना मागच्या सीटवर आवडाबाई होत्या. त्यांनी वाटभर डोळे गच्च मिटून घेतले होते. चढावर त्यांनी कुलदेवतेचं नाव घेतलं, उतारावर जावयाचं. देवीला नवस बोलल्या आणि जावयाला जे बोलल्या ते इथं सांगण्यासारखं नाही. मागच्या सीटचं प्लॅस्टिक त्यांच्या काट्यांनी फाटलं ते वेगळंच.

घर जवळ आलं. एवढ्यात वळणापाशी गोंधळ दिसला. खुद्द वाघमहाराजांची गाडी रस्त्याकडेच्या गटारात कलंडली होती. महाराज गाडी चालवता चालवता शेजारी बसलेल्या गवेआप्पांना गाडीचा अनुभव सांगत होते. ‘रस्ता कसा हातात असल्यासारखा वाटतो’ हे दाखवायला त्यांनी दोन्ही हात वर केले, आणि दोन चाकं गटारात गेली.

सगळं मंडळ गाड्या घेऊन जमलं होतं. गाड्या अर्थात रस्त्यावरच उभ्या होत्या. ससाणे म्हणत होते, माझी गाडी असती तर गटारातच गेली नसती. कोल्हेसाहेब म्हणत होते, महाराजांनी बर्फाचं बटण दाबून पाहावं. गाडी ओढायची तर आपली चाकं कडेच्या मातीत घालावी लागली असती, त्यामुळे ओढण्याचं कुणीच बोलत नव्हतं. गवेआप्पा एकट्याच्या शिंगांनी ती गाडी उचलू शकले असते. पण दाराशी एवढी गाडी असताना अंगानं ढकलणं त्यांना शोभलं नसतं.

भालेरावांनी गाडी वळवून गटारापर्यंत आणली आणि ते खाली उतरले. दोर बांधला. गाडी चिखलाच्या अंगाला घेतली आणि हळूच पुढे काढली. महाराजांची गाडी गटारातून वर आली.

महाराज खूश झाले. “शाब्बास. ही गाडी चिखलातून आली की काय? सांग पाहू, कसं काय वाटलं?”

सगळे भालेरावांकडे बघायला लागले. काटे उभे राहिले.

“चिखल आला,” भालेराव म्हणाले. “गाडी हळू घातली. मग चिखल संपला.”

महाराजांनी पंजा तोंडावर धरून जांभई दिली.

तोवर कोल्हेसाहेबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली होती. चाकांना चिखल होता. दारावर ओरखडा होता. आत डोकावून त्यांनी फाटलेलं प्लॅस्टिक पाहिलं आणि त्यांची शेपूट थरथरली. अनुभव न सांगता हलवलेली गाडी वडाला साखळीनं बांधून ठेवावी लागेल, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, आणि ते गाडीच्या पुढ्यात आडवे उभे राहिले. मधला चिखल पायी ओलांडणं आवडाबाईंच्या गुडघ्याला जमणारं नव्हतं. बिळातून तानूबाईचा आवाज येत होता. बायका जमल्या होत्या, घुगऱ्या निवत होत्या, आणि आई कुठं आहे असं ती विचारत होती.

भालेरावांनी बोलायला तोंड उघडलं. त्यातून काहीच निघालं नाही.

तेव्हा मागची काच खाली झाली. आवडाबाईंनी डोकं बाहेर काढलं.

“कोण रे तो आडवा उभा? गाडीचा अनुभव पाहिजे होय तुला? मी सांगते. आधी कान टवकार, मग शेपूट सावर.”

आणि त्या सुरू झाल्या.

“ही गाडी नाही बाबांनो, हा पाहुणा आलेला भूकंप आहे. सकाळपर्यंत माझा गुडघा ठणकत होता. जावईबापूंनी चावी फिरवली मात्र, गुडघ्यातली कळ घाबरून दारातच उतरली. अजून तिथंच माझी वाट बघत बसली असेल. ओढ्यापाशी आलो, तर मासेच पाण्याला म्हणाले, सरक, सरक, मोठी माणसं आली. आणि तो चढ! चढ कसला, डोंगरानंच मान खाली घातली. म्हणाला, आजी, सावकाश या. मी म्हटलं, मी सावकाशच येईन रे, पण ही चारही चाकं ऐकतील तर ना.”

सभेत असं काही कुणी ऐकलंच नव्हतं. गवेआप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. ससाण्यांचे कान खरोखरच मागे गेले. महाराजांची जांभई अर्ध्यात थांबली आणि ते म्हणाले, “मग? पुढं काय झालं?”

आवडाबाईंनी काच थोडी वर घेतली.

“पुढचं बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यावर,” त्या म्हणाल्या.

कोल्हेसाहेब स्वतःच बाजूला झाले. भालेरावांनी गाडी चिखलातून बिळाच्या दाराशी नेली. मागोमाग सगळं मंडळ निघालं. पण चिखलाचा पट्टा आला तसं सगळ्यांनी कचाकच ब्रेक मारले. डोंगर चढणाऱ्या, ओढे ओलांडणाऱ्या त्या दांडग्या गाड्या रस्त्यावर ओळीनं उभ्या राहिल्या. त्यांचे मालक खाली उतरले आणि गुडघाभर चिखल तुडवत पायी बारशाला आले. वाघमहाराज सगळ्यांच्या पुढे होते. त्यांनी शेपूट खांद्यावर टाकली होती. ससाणे कानापर्यंत बुडाले होते, त्यांना गवेआप्पांनी शिंगावर घेतलं.

आवडाबाईंनी पाळण्याची दोरी ओढली. तानूबाईनं उसासा टाकला, पण हा वेगळा होता. बाळाच्या आत्यानं कानात नाव सांगितलं. नाव खरं तर दुसरंच ठरलं होतं. पण आत्यानं पाळण्याभोवतीच्या सगळ्यांचे पाय पाहिले आणि मुलीचं नाव चिखली ठेवलं.

घुगऱ्या खाऊन झाल्यावर आवडाबाईंनी पुढचं सांगितलं. मग त्याच्याही पुढचं. शेवटी मंडळानं त्यांना एकमतानं अध्यक्ष केलं. गवेआप्पांनीच तशी सूचना मांडली.

निघताना सगळे पुन्हा चिखलातून रस्त्यावर गेले, आणि गाडीत बसण्याआधी कितीतरी वेळ गवतावर पाय पुसत उभे राहिले.

आवडाबाई एका दिवसासाठी आल्या होत्या. पण अध्यक्षांची गाडी चिखलात घालायची नाही, असा नवा नियम लगेच झाला. नियम आवडाबाईंनीच केला. त्यांना परत घरी जायला आता वाटच उरली नाही, आणि त्याचं त्यांना काही वाईटही वाटलं नाही. मंडळानं बिळापासून रस्त्यापर्यंत फरशी घालून दिली. दर बाजाराला निळी गाडी त्या फरशीवरून रस्त्यावर येते आणि हळूहळू वडाखाली जाते. मागे आवडाबाई बसतात आणि काय बोलायचं ते जुळवतात. पुढे भालेराव असतात, स्टिअरिंगला छाती लावून.

परवा त्यांना ओढ्यापलीकडून रताळी आणायची होती. ते पायी गेले.

तात्पर्य : बाळांनो, ज्याला चारचौघांत बोलता येत नाही त्यानं मुळीच खचून जाऊ नये. मन लावून गाडी चालवायला शिकावं. ज्यांना बोलता येतं त्यांना सभेला पोचवायला कुणीतरी लागतंच.