नादुरुस्त पिकअप

भरवशाची वस्तू तिच्या मालकाकडे राहत नाही, ही गोष्ट शासनाने अद्याप कोणत्याही परिपत्रकात मान्य केलेली नाही. सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या दगडोबांना ती स्वखर्चाने शिकावी लागली.

दगडोबांचा मेंढरांचा कळप दर उन्हाळ्यात कनेरगाव नाक्याकडच्या रिकाम्या रानांत बसायला जायचा. शेताला लेंडीखत मिळायचं, मेंढरांना चारा. मोठी मेंढरं तेवढं चालतात. कोवळ्या कोकरांना ते ऊन झेपत नाही. मागच्या साली तीन कोकरं वाटेत गेली. त्यातलं एक दगडोबांच्या बायकोच्या, आशाबाईंच्या ओटीतच गेलं. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. म्हणून यंदा कोकरांसाठी पिकअप घ्यायचं ठरलं. जुनीच, पण कधी बंद न पडणारी.

सेनगावच्या उत्तमरावांची पिकअप सोळा वर्षांची होती आणि एकदाही रस्त्यात थांबली नव्हती, असा तिचा तालुकाभर लौकिक होता. पाहणीसाठी रीतसर समिती गेली. सदस्य दोन: सोमेश्वर (पात्रता: सेनगावच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसण्याचा वीस वर्षांचा अनुभव) आणि रामजी (पात्रता: स्वतःची जीप, चार वर्षांपासून बंद). सोमेश्वरने चारही टायरांना एकेक लाथ घातली. रामजीने बॉनेट उघडून आत पाहिलं, 'हं' म्हटलं आणि बॉनेट लावून टाकलं. दगडोबांनी मात्र त्यांना येत होती तीच परीक्षा घेतली. गाडीपुढे उकिडवं बसून तोंड पाहिलं, पाठीवरून हात फिरवला, कान लावून श्वास ऐकला आणि चार पावलं चालवून बघितली. लंगडत नव्हती.

"मालक, खरं सांगा, खोट काय हाय?"

"खोट न्हाई, म्हणूनच इकून राहिलो," उत्तमराव म्हणाले आणि किल्ली हातात देऊन हसले. सोळा वर्षांत त्यांना असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं. समितीने या बाबीची नोंद घेतली नाही.

पहिल्या महिन्यात पिकअपच्या एक्केचाळीस फेऱ्या झाल्या. पैकी हळदीची पोती तेरा, पाहुणे सोडणे अकरा, लग्नाचा बस्ता सात, दवाखाना सहा (त्यात आजारी चार), बँडवाले दोन, सोमेश्वरच्या सासूचं कपाट दोन (एकदा नेलं, दारात मावेना म्हणून परत आणलं). कोकरं शून्य. ही आकडेवारी आशाबाईंच्या बोटांवरची असल्याने अधिकृत समजावी.

गावात आणखी नऊ चारचाकी होत्या. पण कुणाची बॅटरी उतरलेली, कुणाचा क्लच गेलेला. एवढी साथ पसरूनही गावातला मिस्त्री दिवसभर लिंबाखाली झोपलेला असायचा, याचं दगडोबांना कोडं पडे. त्यांना 'न्हाई' म्हणता येत नव्हतं, कारण गाडी खरोखरच चालू होती.

कळप निघायच्या आदल्या संध्याकाळी सोमेश्वर आला.

"दगडोबा, सकाळी वाशिमला बस्त्याला जायचंय. गाडी लागन."

दगडोबांचं तोंड सवयीने 'व्हय'साठी उघडलं. तेवढ्यात आशाबाई पोटाशी कोकरू धरून बाहेर आल्या.

"गाडी बंद पडली."

"काहून? सकाळी तं चालू व्हती!"

"सकाळी तुमीच नेली व्हती ना?"

सोमेश्वर आल्या पावली माघारी फिरला. कोणताही बिघाड सांगावा लागला नाही. दगडोबा जन्मात पहिल्यांदा खोट्याला साक्ष राहिले आणि त्यांना चक्क बरं वाटलं.

पहाटे पिकअप पहिल्या झटक्याला सुरू झाली. मागे चौदा कोकरं आणि त्यांच्यात मांडी घालून आशाबाई. नाक्याच्या रस्त्याला समोरून रामजीची जीप भरधाव आली, चार वर्षांपासून बंद असलेली. आत त्यांचं सगळं घर देवदर्शनाला निघालेलं. दोघांनी नजर सरळ रस्त्यावर ठेवली. नादुरुस्त गाड्यांनी वाटेत एकमेकींना ओळख दाखवायची नसते, ही रीत दगडोबांना कुणी न शिकवता कळली. चौदाच्या चौदा कोकरं उड्या मारत उतरली. आशाबाईंनी ती तीनदा मोजली आणि मग पोटभर जेवल्या.

आता वाचकहो, तुमचं. मागच्या वेळी तुम्ही शेजाऱ्याकडे गाडी मागायला गेलात, तेव्हा तिची बॅटरी उतरलेली होती ना? अजूनही उतरलेलीच आहे. काळजी करू नका. तुम्ही कोपऱ्यावरून वळलात, की ती चालू होते.