एरंडेलावर उडणारं विमान

विमान डिझेलच्या इंजिनावर उडतं म्हटल्यावर डिझेल न्यावं, एवढी अक्कल मला होती. पेणहून निघाल्यावर गडबजवळच्या पंपावर स्कूटर थांबवून मी कॅन भरून घेतला आणि मागे बसलेल्या बायकोच्या मांडीवर ठेवला. रोह्याला पोचेपर्यंत झाकणातून झिरपून त्यातलं बरंचसं तिच्या साडीनं पिऊन टाकलं होतं. उतरल्यावर तिनं पदर पिळला आणि कॅन माझ्या हातात दिला.

रोह्याला लागूनच वरसे. तिथले अनंतदादा म्हणजे हिचे थोरले भाऊ. त्यांनी कॅन हुंगला.

"भावोजी, हे ट्रकला घाला. आमचं विमान खेळण्यातलं, इंजिन मुठीएवढं. त्याला रॉकेल, एरंडेल नि ईथर लागतं. ठिणगी नाय, प्लग नाय, नुसत्या दाबावर पेटतं. दाब बघायचा, दाब!"

कंपनीतून निवृत्त झाल्यापासून दादांना जगात दुसरं काही दिसत नसे. कुकर शिटी देईना? दाब बघा. भाचीचं लग्न ठरेना? दाब बघा. इंजिनाच्या डोक्यावरचा स्क्रू पिळून ते बोटानं पंखा फिरवत. पंखा उलटा फिरून बोटावर बसे. दादा "आई गं" म्हणत आणि पुन्हा स्क्रू पिळत. त्या बोटाची पट्टी सुटलेली मी कधी पाहिली नाही. मग एकदाचं ते धडधडायला लागे आणि अख्खी आळी इस्पितळासारखी वास मारे.

भातकापणी झाली की घरामागच्या शेतात उभे राहून, हातातल्या रिमोटच्या डब्यानं दादा विमानाला कोलांट्या मारायला लावत. इंजिन तेल उडवी, आणि शेजारच्या गच्चीवर पापड वाळत असत.

"ओ दादा, पापड खाल्ल्यापासून सगळं घर परसाकडं पळतंय!" शेजारीण वरून ओरडे.

"एरंडेल हाय ते! फुकटात पोट साफ!"

पण यंदा ते शेत विकलं गेलं होतं. तिथं इमारत उठत होती. मजुरांच्या डोक्यात विमान पडायचं, म्हणून ठेकेदारानं बजावलं होतं, होळीपर्यंत काय ते उडवा, मग बंद. वहिनींना अर्धांगाचा झटका आल्यापासून दादा कुठं जात-येत नव्हते. विमानही गेलं तर माणूस खचेल, या काळजीनं बायकोला झोप नव्हती. मी तोड काढली होती. पेणला आमच्या घरामागे पडीक मिठागर आहे, ताटासारखं सपाट.

"दर रविवारी या," मी म्हटलं. "आणि आता बॅटरीचं विमान घ्या. काय पळतं!"

"पळतं, म्हणून तर नको. ह्याचा पंखा मोठा, सावकाश ओढतो. कोलांटी लहान पडते. जागच्या जागी."

"लहान कशाला? एवढं आभाळ पडलंय!"

दादांनी पंख्याला बोट लावलं.

मी पाणी प्यायला आत गेलो. मागच्या खिडकीशी कॉटवर वहिनी पडून होत्या. वाचाही गेलेली. ही त्यांच्या उशाशी बसली होती. बाहेर धडधड झाली. विमान डावीकडून खिडकीत आलं, वर चढलं, पाठीवर झालं, खाली उतरलं. पुन्हा तेच. चौकटीबाहेर ते एकदाही गेलं नाही. चादरीवर वहिनींचं एक बोट त्याच्याबरोबर गोल फिरत होतं. खिडकीचा खालचा अर्धा भाग मात्र खांबांनी आणि सळयांनी भरला होता. आणखी एक स्लॅब पडला की उरलेलं आभाळही जाणार होतं.

दादा हात पुसत आत आले आणि आमच्याकडे न बघता कॉटशी वाकले.

"कोलांटी दिसली का गो नीट? आज जरा वर घेतली, सळयांच्या वर."

बोट हललं.

मग ते माझ्याकडे वळले. "मिठागर झकास असंल हो, भावोजी. पण तिथं बघायला कोण हाय?"

मी आणखी एक पेला पाणी प्यालो.

परतताना नागोठणं मागे पडलं. पेण जवळ आल्यावर बायको माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आपल्या मागच्या खोलीतून मिठागर दिसतं ना? खिडकीपुढचं तुमचं ते कपाट उद्या हलवा. वहिनीची कॉट तिथं लागेल."