निशाणदारांचा खांदा आणि पानाचा डबा

श्रीकुलस्वामी सर्वांचे सांधे शाबूत राखो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत्‌नाम संवत्सरे, ज्येष्ठमासी एका राज्याचे निशाणदार सिदोजीराव घारगे यांचा उजवा दंड खांद्यापाशी मोडून तीन तुकडे जाहले. घोडियावरून पडले ऐसे दफ्तरी लिहिले आहे. आम्ही खरे लिहितो, न्हाणीघरात साबणावर पाय पडला. त्या राज्याची चाल ऐशी की, दसऱ्यास निशाणदाराने उजव्याच हाताने निशाण डोईवर उचलावे, न उचलेल त्याची निशाणदारी जावी. मग शस्त्रवैद्य गोडखिंडीकर आले आणि दंड उघडून पोलादी पट्टी बसविली आणि आठ स्क्रू पिळिले आणि हाडांची तसबीर काढून बोलिले, "हाड आम्ही जोडिले. आता सांगू तैसा हात रोज हलवावा, नाहीतर खांदा आखडेल."

परंतु जखमी सरदारास काडी उचलू देणे हा त्या दरबारी अपमान. महाराजांनी आठ खिजमतगार दिले. एक घास भरवी, एक पाठ खाजवी, एक मिशांस पीळ देई, आणि राव लोडास टेकून आपली शर्थ सांगत. साबणाचा घोडा जाहलाच होता, मग घोडियाचा हत्ती जाहला. दोन मासांनी दरबार भरला आणि तसबीर हातोहात फिरली आणि हाड जैसे नवे म्हणोन वाहवा जाहली. महाराज बोलिले, "शाबास! करा मुजरा." राव करू गेले, तो हात पोटापर्यंत आला आणि तेथेच मुक्काम केला. राव काळेठिक्कर पडले. तीन पिढ्यांचा मान! भाऊबंद बाजीबा फार हळहळले आणि त्याच दिवशी निशाणदारीचा पोशाख शिवावयास टाकिला.

मग रावांच्या कुटुंबाने, लाडूबाईसाहेबांनी, खिजमतगारांस निरोप दिला आणि वैद्यांस पुसोन घेतले आणि रावांचा पानाचा डबा फळीवर ठेविला. "उजव्या हातानं घ्या. नाहीतर आज विडा नाही." डबा रोज बोटभर वर. राव कळवळले, ओरडले, एके दिवशी ढसढसा रडले, "अहो, गनिमानं इतकं छळलं नाही!" बाईसाहेब बोलिल्या, "गनिमाला कुठं तुमच्याबरोबर नांदायचंय?" आणि पाठ फिरवून डोळे पुसिले, परंतु डबा खाली घेतला नाही.

दसऱ्यास रावांनी दात आवळून निशाण उचलिले, ते पोटावरून, छातीवरून, थेट डोईवर गेले. एकच जयजयकार जाहला आणि वैद्यांस शालजोडी मिळाली आणि खिजमतगारांस कडी मिळाली आणि पट्टी घडविणाऱ्या लोहाराचाही सत्कार जाहला. रावांनी महाराजांस मुजरा केला आणि मग वळोन, जेथे बायकामंडळी बसली होती त्या चिकाच्या पडद्याकडे तीन वेळ मुजरा केला. महाराज चकित होऊन बोलिले, "हा कोणास?"

"सरकार, आमच्या घरच्या फळीस."

पडद्याआड कोणी हसले आणि लगोलग नाक ओढिले.

सारांश, पट्टी दंडात आहे, मान घरात आहे, बाजीबांचा पोशाख पेटीत आहे. डबा अद्याप वरच्याच फळीवर आहे.