भावजींनी प्रिंटर निवडला

निवृत्त होणाऱ्या टाइपरायटरने आपल्या जागी येणाऱ्याची मुलाखत स्वतः घ्यायची, अशी आटपाडीच्या कोर्टाबाहेर रीत आहे. त्याचा होकार आल्याशिवाय नवं यंत्र टेबलावर चढत नाही. सोमवारपासून कोर्ट टाइपरायटरवरचे कागद घेणार नव्हतं, म्हणून तिथे चिंचेखाली टायपिंगचं टेबल मांडणाऱ्या विमलताई गुरवांनी शनिवारी दुपारी मुलाखती ठेवल्या. सोमवारी टेबल बंद दिसलं असतं तर ती जागा दुसऱ्याला गेली असती, आणि विमलताईंचं पोट त्या जागेवरच होतं.

टाइपरायटर त्यांच्या यजमानांचा. दत्तोबा गुरव वारले तेव्हा विमलताईंना एकेक अक्षर हुडकावं लागे. त्यांना शिकवलं ते टाइपरायटरनेच, एकदाही न चिडता. तो त्यांना वहिनी म्हणे, त्या त्याला भावजी. तो तोंडाने बोलत नसे हे उघडच आहे. कागद लावला की आपला आपण टाइप करी.

लॅपटॉप आधीच आला होता. पुण्याच्या लेकीने तो मुलाखतीशिवाय परस्पर पाठवला, आणि भावजींना ते लागलं होतं. 'कानामागून आला नि तिखट झाला,' असं त्यांनी पहिल्याच दिवशी टाइप केलं. लॅपटॉपने ते वाचून झाकण मिटून घेतलं. तेव्हापासून दोघांत अबोला होता आणि निरोप विमलताई पोचवत.

दुकानदार शेटे पिशवीतून प्रिंटर घेऊन आले. सगळे बॅटरीवरचे, कारण चिंचेखाली वीज नव्हती.

पहिला इतका सडपातळ की पर्समध्ये मावावा. भावजींनी विचारलं, 'शाई किती खाता?'

'शाई लागतच नाही,' त्याने छापलं. 'खास कागद असतो. ऊब दिली की अक्षर उमटतं.'

'आणि पुढे नातवंडं जमिनीवरून भांडायला उभी राहतील तेव्हा ते अक्षर दिसेल?'

पहिल्याने कोरा कागद बाहेर काढला. 'या आपण,' भावजींनी टाइप केलं.

दुसरा बसायच्या आतच छापू लागला. तो वायरीशिवाय चालतो, कोर्टाचा लांब कागद घेतो, वेगात त्याचा हात कोणी धरत नाही आणि जन्मात तो कधी अडकलेला नाही. विमलताईंना तो फार आवडला. लॅपटॉपनेही झाकण थोडं वर केलं.

'उथळ पाण्याला खळखळाट फार,' भावजींनी टाइप केलं. 'पुढचा.'

"आवं भावजी!" विमलताई उठूनच उभ्या राहिल्या. "चांगला होता की. सोमवारी काय मी हातानं लिहू?"

तिसरा जाडजूड, अंमळ जड. त्याने हळूहळू छापलं, 'लांब कागद घेतो. शाई पक्की आहे. पण खोटं कशाला सांगू, कधीकधी कागद अडकतो.'

'कधी?'

मग एकच ओळ आली. 'समोरचं माणूस रडायला लागलं की.'

'हाच,' भावजींनी टाइप केलं.

शेटे कसनुसे हसले. "तायी, मला वाटतं दुसराच न्या. ह्याची तक्रार येणार बघा."

"मलाबी तेच वाटतंय," विमलताई म्हणाल्या. "भावजी, तुमच्या अक्षरांच्या दांड्या एकमेकीत अडकायच्या तर आमचे हे किती वैतागायचे! आता पुन्हा तेच मागं लावून घेऊ?"

'वहिनी, मी कधी अडकायचो ते आठवा.'

विमलताई आठवू लागल्या. बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडायला भावांबरोबर आलेल्या बहिणी आठवल्या. मजकूर नावापर्यंत आला की पोरीचे डोळे भरायचे आणि नेमक्या तेव्हाच दांड्या अडकायच्या. दत्तोबा म्हणायचे, "चहा घ्या तोवर." भाऊ हॉटेलात जायचे. पोर चिंचेखाली एकटी बसायची, घोटाघोटाने तांब्याभर पाणी प्यायची. बऱ्याचजणी मग शांतपणे सही करायच्या. काहीजणी सही न करताच उठून थेट एसटी धरायच्या. दत्तोबा त्यांना न अडवता नुसतं खाकरायचे. ते खाकरणं इतक्या वर्षांनी कानात आलं आणि विमलताईंना रडू फुटलं. त्यांनी ते लपवलं नाही.

टेबलावर तिसऱ्याने अर्धा कागद गिळला आणि तो थांबला.

रविवारी भावजींचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. लॅपटॉपने अबोला सोडून निरोपाचे चार शब्द लिहिले आणि नव्या प्रिंटरने ते छापले. मग विमलताईंनी भावजींना घरी नेऊन रस्त्याकडच्या खिडकीत बसवलं.

सोमवारी पहिलंच गिऱ्हाईक आलं ते दोघे भाऊ आणि त्यांची धाकटी बहीण. हक्कसोडपत्र होतं. नाव सांगताना पोरीचे डोळे भरले. प्रिंटर कुरकुरला आणि कागद मध्येच धरून गप्प झाला.

"काय ओ तायी, कोरा करकरीत दिसतोय की," थोरला म्हणाला. "बिघडला व्हय?"

"अडकलाय," विमलताई म्हणाल्या. "चहा घ्या तोवर."

भाऊ हॉटेलाकडे गेले. विमलताईंनी पाण्याचा तांब्या पोरीपुढे सरकवला आणि जरा मोठ्यानेच खाकरल्या.